लाटांची शाल, वैनगंगेचा काठ

पहिला दिवस : नागपूर, भंडारा, आंधळगाव

सुईवर शहाण्णव टाके घेऊनच घरून निघाले. दोन्ही कडांचे तीन-तीन आणि मधे अठरा टाक्यांची नक्षी पाच वेळा. दिवाळीपासून ही शाल विणते आहे, माझ्या मोठ्या आत्यासाठी. आत्या आरमोरीच्या अलीकडे एका खेड्यात राहते, वय अठ्ठ्याहत्तर. फोनवर तिनं आधीच विचारून ठेवलं होतं, "इतकी भोकं हायेत म्हनते, त थंडी कशी जाईल वो बाई?" मी म्हटलं, "आणते मग पाहा."

शालीचा मधला भाग कुलूच्या बारीक लोकरीचा आहे. दोन्ही टोकांच्या किनारी मात्र कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या करायच्या, हे सुरुवातीपासून ठरलेलं. म्हणून पहिले टाके एका कच्च्या सुती धाग्यावर घातले होते. तो धागा नंतर ओढून काढला की टाके मोकळे होतात आणि त्या टोकालाही हवी तशी किनार विणता येते. कोसा आणायचा आंधळगावहून, आणि तिथून पवनी, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत आत्याकडे. सरळ उमरेडच्या रस्त्यानं गेले असते तर अर्ध्या दिवसात पोचले असते. पण शाल पूर्ण व्हायला वेळ हवा होता, आणि एसटीच्या खिडकीशी माझा हात फार छान चालतो.

भंडाऱ्याच्या गाडीत शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलंच. "स्वेटर का?" शाल म्हटल्यावर त्यांनी सुईवरचा गोळा हातात घेतला. चिरगुटासारखा चुरगळलेला, आखडलेला. जाळीची वीण सुईवर असते तेव्हा अशीच दिसते. नक्षी आत दुमडून बसलेली असते. बाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर दया दिसली. मग मी चार बोटांनी एक तुकडा ताणून खिडकीच्या उजेडात धरला. लाटा उघडल्या. "अगो माय," एवढंच म्हणाल्या आणि भंडारा येईपर्यंत माझ्या बोटांकडे पाहत राहिल्या.

ही नक्षी शेटलंडची. स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात ही बेटं आहेत, आणि तिथल्या बायकांनी गेली दोनशे वर्षं जाळीच्या शाली विणल्या. या लाटांना तिकडे ओल्ड शेल म्हणतात, फेदर अँड फॅन या नावानंही ती ओळखली जाते. ओळी फक्त चार. पहिली सुलट, दुसरी उलट, चौथी पुन्हा सुलट, आणि जे काही घडतं ते तिसऱ्या ओळीत. दोन टाके एकत्र, असं तीनदा. मग धागा पुढे घेऊन एक सुलट, असं सहा वेळा. मग पुन्हा तीनदा दोन टाके एकत्र. सहा भोकं पडतात आणि सहा टाके कमी होतात, म्हणून अठराचे अठराच राहतात. जिथे टाके जवळ ओढले जातात तिथे वीण खाली वाकते, जिथे भोकं पडतात तिथे वर फुलते, आणि ओळ सरळ न जाता लहरत जाते. इतक्या साध्या हिशेबातून लाट उठते, याचा मला पंधरा वर्षांनंतरही तेवढाच आनंद होतो.

आंधळगाव मोहाडी तालुक्यात. कोशाचं विणकाम इथलं पिढ्यान् पिढ्यांचं. गल्लीत शिरलं की मागाचा खटका आधी कानावर येतो. एका घरी करवती किनारीचं लुगडं मागावर चढलेलं होतं. किनारीला करवतीचे दात असतात म्हणून ते करवती. दोन्ही किनारींचे रंग वेगळे आणि अंग वेगळं, म्हणून तीन धोटे चालतात, आणि प्रत्येक दाताशी किनारीचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवावा लागतो. विणकर काकांनी मला एक दात पूर्ण होईपर्यंत थांबवून दाखवला. बोटाच्या पेराएवढा असेल. घाई केली तर दात बोथट होतो, म्हणाले.

मला धागा हवा होता तो त्यांच्या घरच्या काकूंकडे. काकू ओसरीवर बसून सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ केलेले कोसे उलगडत होत्या. चार-पाच कोशांची टोकं एकत्र धरायची, उघड्या मांडीवर तळव्यानं वळ द्यायचा आणि धागा पुढे ओढायचा. आता यंत्रं आली आहेत, पण त्यांचा हात अजून मांडीवरच चालतो. मांडीचा तेवढा भाग गुळगुळीत झालेला. मी घिच्चा घ्यावा असं त्यांना आधी वाटलं, कारण तो स्वस्त पडतो. पतंग भोक पाडून बाहेर पडला की त्या कोशाचा सलग धागा निघत नाही, मग त्याची कताई करून घिच्चा होतो. तो जाड आणि खरबरीत. जाळीत चालत नाही, प्रत्येक भोकात त्याचे केस उभे राहतात. मी नाही म्हटल्यावर काकूंनी शाल मागितली, मांडीवर पसरली, किनारीशी आपला धागा ठेवून पाहिला आणि म्हणाल्या, "दोन पदरी करून देतो. एकपदरी नाही टिकायचा तुमच्या सुईवर." तासाभरात दोन पदर वळून दिले. रंग मुरलेल्या मधाचा. रात्री मोहाडीला मैत्रिणीच्या माहेरी ती लड उशाशी ठेवून झोपले. कोशाला स्वतःचा एक वास असतो, जुन्या लाकडाच्या पेटीसारखा.

दुसरा दिवस : पवनी

आज नुकसान झालं, पण ते फार गोड हातांनी.

भंडारा-पवनी गाडीत शेजारी एक तरुण आई आणि तिची दीडेक वर्षांची मुलगी. मुलगी कितीतरी वेळ हलणाऱ्या सुया पाहत होती. मी पाण्याच्या बाटलीसाठी वाकले आणि तिनं सुई ओढली. चाळीसेक टाके सुईवरून उतरले. साध्या विणीत सुटलेला टाका क्रोशाच्या सुईनं वर आणता येतो. जाळीत तसं होत नाही. तिथे एक टाका सुटला की त्याच्या खालचं भोकही जातं, शेजारचे एकत्र केलेले दोन टाके वेगळे होतात, आणि कोणता धागा कोणाचा हे ओळखू येत नाही. आई बिचारी रडवेली झाली. मी मुलीला कडेवर घेतलं आणि सुया पिशवीत ठेवल्या.

पवनीला उतरून थेट घाटावर गेले. पवनीला विदर्भाची काशी म्हणतात, वैनगंगेच्या काठानं देवळं आणि पायऱ्या. याच गावाच्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 च्या उत्खननात मोठा बौद्ध स्तूप सापडला. एरवी मी आधी टेकडीवर गेले असते. आज पायरीवर बसून उसवायला घेतलं.

जाळी विणणाऱ्यांची एक सवय असते, तिला लाइफलाइन म्हणतात. दर काही ओळींनी एका ओळीच्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा सुती धागा ओवून ठेवायचा. पुढे काही बिघडलं तर उसवत तिथपर्यंत जायचं. तो धागा टाक्यांना धरून ठेवतो. माझा लाल धागा अकरा ओळी खाली होता. अकरा गुणिले शहाण्णव, एक हजार छप्पन्न टाके. एकेक ओळ उसवताना लोकर कुरळी होऊन मांडीवर पडत होती. शेवटी लाल धागा दिसला, शहाण्णव टाके त्यावर शांत बसलेले. सुई त्यांतून फिरवली आणि पुन्हा पहिली ओळ.

ऊन वर आलं, बायका धुणं आपटून गेल्या, आणि मी विणत राहिले. शेटलंडच्या बायका पाठीवर पीट नावाच्या इंधनाच्या टोपल्या घेऊन चालता चालता विणत. कमरेला चामड्याचा पट्टा, त्यावर भोकं पाडलेली उशी, एका सुईचं टोक त्यात रोवलेलं. म्हणजे हाताला सुईचा भार नाही. त्या बायकांना विणकामाच्या मोबदल्यात बरेचदा दुकानदार पैशाऐवजी माल देत. आपण आज ज्या शालींचं कौतुक करतो त्या अशा थकलेल्या हातांनी केल्या आहेत, हे मी विणताना विसरत नाही.

दुपारनंतर भिवापूर, नागभीड आणि ब्रह्मपुरी. भिवापूरच्या बाजूला वाळत घातलेल्या मिरचीचा खाट गाडीत शिरला आणि अख्खी गाडी शिंकली. ब्रह्मपुरीच्या मुक्कामात रात्री अकराला लोकरीचा भाग पूर्ण झाला. उसवलेल्या अकरा ओळी धरून.

तिसरा दिवस : आत्याचं गाव

आत्याच्या ओसरीला आडव्या बांबूवर कोशांच्या माळा टांगलेल्या होत्या. शेजारच्या आबाजींच्या. ते ढिवर, म्हणजे मासेमार समाजातले. त्यांच्या घरात ओल होती म्हणून आत्यानं आपली ओसरी दिली. हे बियाण्याचे कोसे. हिवाळ्याचं पीक निघालं की चांगले कोसे निवडून माळा करायच्या आणि जूनपर्यंत जपायच्या. आत प्राणी झोपलेला असतो. पाऊस लागला की पतंग निघतो, अंडी घालतो, आणि पुन्हा अळ्या येन आणि अर्जुनाच्या झाडांवर सोडायच्या. तुतीच्या रेशमासारखं हे घरात वाढत नाही. अळी झाडावर उघड्यावर राहते, चार वेळा कात टाकते, आणि त्या सगळ्या काळात कावळे, मुंग्या, गांधीलमाशा यांच्यापासून तिला राखायला माणूस झाडाखाली हवा. आबाजींचं आयुष्य असं गेलं. उरलेल्या वेळी नदीवर जाळं.

संध्याकाळच्या आत मला ते त्यांच्या येनाच्या झाडांकडे घेऊन गेले. काढायचा राहून गेलेला एक कोसा फांदीवर होता. त्यांनी डहाळी वाकवून माझ्या डोळ्यांसमोर धरली. टसरचा कोसा फांदीला नुसता चिकटत नाही. अळी आधी डहाळीभोवती रेशमाचं कडं करते, घट्ट, बोटातल्या अंगठीसारखं. त्या कड्यापासून खाली देठ आणि देठाला कोसा लोंबतो. वाऱ्यानं पान पडलं तरी कोसा पडत नाही. कडं इतकं कडक की नखानं वाकलं नाही.

मी त्यांना अंगठीच्या शालींबद्दल सांगितलं. शेटलंडच्या अन्स्ट बेटावर, रशियातल्या ओरेनबुर्गला आणि एस्टोनियातल्या हापसालूला शालीची परीक्षा एकच: लग्नाच्या अंगठीतून आख्खी शाल पार झाली पाहिजे. ओरेनबुर्गच्या बायका तर शेळीच्या अंगावरच्या आतल्या मऊ केसांचा धागा रेशमाच्या धाग्याबरोबर वळतात. हापसालूच्या शालीत फुगीर ठिपके असतात, एका टाक्यातून पाच किंवा सात टाके काढून पुढच्या ओळीत ते एकत्र करायचे. शाली वजनावर विकल्या जात, म्हणून वजन वाढवायला ते ठिपके आले असं सांगतात. आबाजींना हे एकदम पटलं. मग त्यांनी माझी शाल मागितली, दोन्ही हातांनी ताणली आणि भोकांतून आभाळ पाहिलं.

"हे त जारं हाय," म्हणाले. "आमच्यावानीच. फक्त तुया जाऱ्यात गाठ नाही."

खरं आहे. मासेमारीच्या जाळ्यात प्रत्येक घराला गाठ, आणि सगळी घरं एका मापाची व्हावीत म्हणून बांबूची चपटी पट्टी आत धरायची. विणकामात गाठ कुठेच नाही. एक टाका दुसऱ्याच्या पोटातून निघालेला आणि तिसऱ्यानं धरलेला, एवढ्यावर सगळं उभं. त्यांनी मला पट्टी दाखवली, मी त्यांना सुई दाखवली. ते म्हणाले, माझा हात जरा सैल आहे. कोशाला सैलच हात लागतो, हे मला रात्री कळलं.

कारण रात्री नाटक होतं. गावात शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती होत्या, आणि पट असला की झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, रात्री नाटक हवंच. दिवाळीनंतर होळीपर्यंत हा मोसम. वडसा हे या मंडळींचं ठाणं, तिथून गावोगाव जातात. दहाला सुरू झालेलं नाटक पहाटे संपतं. आम्ही चटई, दोन रजया आणि डब्यात सांबारवडी घेऊन गेलो. मी पहिली कोशाची किनार तिथे घातली. लोकर लवचीक असते, ओढली तर लांबते आणि सोडली की परत येते. कोसा लांबत नाही. दोन टाके एकत्र करताना घट्ट असले तर सुई आत जाईना, बोट दुखायला लागलं. आबाजींचे शब्द आठवून हात सोडला. बांबूच्या सुया आणल्या होत्या ते बरं झालं, धातूच्या सुईवरून कोसा घरंगळतो. रंगमंचावर सासरा सुनेला घराबाहेर काढत होता, आजूबाजूच्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या. दुसऱ्या अंकापर्यंत माझ्या बारा ओळी झाल्या. अंधारात सहा भोकं बोटांनी मोजता येतात, डोळे लागत नाहीत.

चौथा दिवस : बांबूची चौकट

उशिरा उठले. वहिनींनी लाखोरीच्या डाळीचं वरण आणि भात वाढला. जेवून ओसरीत बसले आणि कच्चा सुती धागा ओढला. दिवाळीत घातलेले शहाण्णव टाके एकेक करून मोकळे झाले, एकही हरवला नाही. दुसरी किनार दोन तासांत झाली. शेवटची ओळ बंद करताना जाड सुई घेतली, म्हणजे कड आखडत नाही.

आता जे करायचं त्यासाठी मी दोन महिने थांबले होते. शाल पूर्ण झाली तरी ती अजून चिरगुटच असते. तिला भिजवून ताणून वाळवावं लागतं, तेव्हा नक्षी उघडते. वाळताना लोकर तो आकार धरते. शहरात मी फोमच्या चटईवर टाचण्या लावते. शेटलंडमध्ये लाकडी चौकट असते आणि शालीच्या काठाच्या प्रत्येक टोकातून दोरा ओवून ती चौकटीला ताणतात. आबाजींना मी हे काल सांगितलं होतं. आज ते चार बांबू तासून घेऊन आले. कोपरे सुतळीनं बांधले, हलवून पाहिले, एक सोडून पुन्हा बांधला.

रिठ्याच्या पाण्यात शाल अर्धा तास ठेवली. रिठा लोकर आणि रेशीम दोघांनाही मानवतो. पिळायची नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची. मग अंगणात चौकट आडवी ठेवून आम्ही तिघं बसलो. मी लाटेच्या टोकातून दोरा ओवायची, आबाजी बांबूभोवती फिरवायचे, वहिनी समोरून धरायच्या. आबाजींची गाठ जाळ्याची, ओढली की घट्ट आणि टोक खेचलं की सुटणारी, त्यामुळे ताण कमीजास्त करता येत होता. "या बाजूला जरासाक अजून," असं चालू होतं. मधे एकदा कोणीच बोललं नाही, कारण लाटा उठायला लागल्या होत्या. दोन महिने आत दुमडून बसलेली प्रत्येक ओळ सरळ होऊन लहरायला लागली. भोकं गोल झाली. मधली लोकर दुधासारखी आणि दोन्ही टोकांना कोशाचा मध. आम्ही चौकट उभी करून भिंतीला टेकवली, आणि मागून ऊन आलं तेव्हा सारवलेल्या भिंतीवर लाटांची सावली पडली.

शाळेतून आलेली पोरं सावलीतली भोकं मोजायला बसली. एकीनं बरोबर सहा मोजून मला सांगितलं, "आत्याबाई, दरएक ठिकानी सहाच हायेत." मी तिला माझ्या जुन्या सुया दिल्या आणि अंधार पडेपर्यंत टाके घालायला शिकवलं. तिचे टाके फार घट्ट आहेत. सुटतील.

आत्या दिवसभर बाजेवरून हे सगळं पाहत होती. संध्याकाळी दोरे सोडले. शाल चौकटीच्या बाहेर आली तरी उघडीच राहिली. ही अंगठीतून जाणारी शाल नाही. लोकर तितकी बारीक नाही आणि मला तशी नकोही होती. शेटलंडमध्येच रोजच्या वापराच्या शालीला हॅप म्हणतात, तिच्या काठालाही पुष्कळदा याच लाटा असतात. ती अंगाला गुंडाळायची, लेकराला गुंडाळायची, घालून कामाला जायचं. आत्याला मी हॅप केली आहे.

तिनं ती डोक्यावरून घेतली, पदरासारखी. "वारं नाही लागत," थोड्या वेळानं म्हणाली, तेही वहिनीला. मी सांगितलं की लोकरीत हवा अडकून बसते आणि ती हवाच गरम राहते, म्हणून जाळीची शालही ऊब देते. तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. ती किनारीवर अंगठा फिरवत होती. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, कोशाचं उपरणं वापरत. तिनं किनार नाकाशी नेली आणि डोळे मिटले. मग बराच वेळ आम्ही कोणी दिवा लावला नाही.

पाचवा दिवस : परत

पहाटे बाहेर आले तर आत्या तुळशीपाशी उभी, शाल डोक्यावर, दव पडत असलेलं. मी म्हटलं, भिजेल ना. "भिजू दे. वाराला टाकीन," म्हणाली. "चौकट ठेवली हाय त्यानं."

आबाजींनी फांदीसकट तो एकच कोसा मला दिला, कड्यासह. वहिनींनी डब्यात पानगे दिले.

कोशाची अर्धी लड उरली आहे. गाडीत खिडकीची जागा मिळाली. आरमोरीहून निघाल्यावर पुन्हा टाके घालायला घेतले, तीन, मग अठरा, मग अठरा. ही कोणासाठी ते अजून ठरलेलं नाही. वैनगंगेच्या पुलावर गाडी हळू झाली. खाली पाणी थोडं, वाळू पुष्कळ, एक ढिवर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून जाळं फेकत होता. मी तिसऱ्या ओळीवर होते.